ती बॅग तो टाकून का देत नाही?

पत्र: ताई, मी लातूरला एम. ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. राल्फ एलिसन यांच्या 'इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीवर मला वीस मिनिटांचा सेमिनार द्यायचाय. विषय मिळालाय 'कादंबरीत वारंवार येणाऱ्या वस्तू आणि वांशिक दडपशाहीची प्रतीके'. गाइडमध्ये पंधरा प्रतीकांचा तक्ता आहे, ब्रीफकेस म्हणजे हे, गल्ला म्हणजे ते. तो माझा पाठ झालाय. पण कादंबरी वाचताना जे अंगावर येतं, त्याचा या तक्त्याशी मेळच बसत नाही. मैत्रीण म्हणते, तू उगाच खोलात शिरतेस, लेखकाच्या डोक्यातही एवढं नसेल. बाबांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं आपल्याला काय करायचंय? आणखी एक, त्या लोकांना वर्गात म्हणायचं तरी काय? पुस्तकातले काही शब्द उच्चारायला जीभ रेटत नाही. काय करू?

उत्तर:

तू 'ताई' म्हणून सुरुवात केलीस, तेव्हा मीही अहो-जाहो करत बसत नाही.

आधी तो तक्ता मिटून ठेव. फाडू नकोस, परीक्षेच्या आदल्या रात्री उपयोगी पडेल. सेमिनारसाठी मात्र त्याच्याकडे बघू नकोस, कारण 'ही वस्तू म्हणजे काय?' असं विचारलं की एका शब्दात उत्तर मिळतं आणि मग ती वस्तू परत हातात घ्यावीशी वाटत नाही. त्यापेक्षा तू पंचनामा कर. पोलीस किंवा तलाठी करतात तसा. वस्तू कुठे सापडली, कोणाच्या ताब्यात होती, त्याला ती कोणी दिली, कोणत्या अवस्थेत आहे, तिच्यावर कसले डाग आहेत. एवढंच लिहायचं. अर्थ लावायची घाई नाही.

बॅगेपासून सुरू करू. पहिल्याच प्रकरणात गावातले प्रतिष्ठित गोरे या नायकाला (त्याला कादंबरीभर नाव नाही) भाषण करायला बोलावतात. भाषणाआधी त्याच्यासकट दहा काळ्या पोरांच्या डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या बांधतात आणि त्यांना एकमेकांशी मारामारी करायला लावतात. मग गालिच्यावर नाणी फेकतात. पोरं झडप घालतात, तर गालिच्यात वीज सोडलेली. एवढं झाल्यावर, तोंडात रक्त साचलेलं असताना, तो भाषण करतो, आणि बक्षीस म्हणून त्याला वासराच्या कातड्याची चकचकीत ब्रीफकेस मिळते. आत काळ्या मुलांच्या कॉलेजची शिष्यवृत्ती. तो भारावून जातो. ती सोन्याची वाटलेली नाणी म्हणजे मोटारींच्या जाहिरातीचे पितळी बिल्ले होते, हे नंतर कळतं, तेव्हाही त्याचा आनंद कमी होत नाही.

आता पंचनामा. बॅग हातात घेताना त्याच्या तोंडातून रक्तमिश्रित लाळेची तार त्या कातड्यावर पडते. तिचा आकार एलिसनला अजून शोध न लागलेल्या एखाद्या खंडासारखा दिसतो. पोरगा घाईघाईने ती पुसून टाकतो. हे वाक्य इतकं लहान आहे की तू कदाचित ओलांडून पुढे गेली असशील. परत जा आणि वाच. त्याला बक्षीस खराब होईल याची भीती वाटते, स्वतःच्या रक्ताची काळजी वाटत नाही. तक्त्यात 'ब्रीफकेस = खोटी प्रतिष्ठा' असं लिहिलं असेल. चूक नाही. पण ते पुसणं त्यात कुठे येतं?

त्याच रात्री त्याला स्वप्न पडतं. मेलेला आजोबा त्याला बॅग उघडायला लावतो. आत पाकीट, पाकिटात पाकीट, त्यात आणखी एक, आणि शेवटच्यात मजकूर: या काळ्या पोराला पळतं ठेवा. आजोबा हसत सुटतो. पुढे कॉलेजमधून हाकलताना प्राचार्य ब्लेडसो त्याला न्यूयॉर्कच्या बड्या माणसांच्या नावे सात बंद पत्रं देतात. तो ती बॅगेत घालून ऑफिसांचे उंबरठे झिजवतो. एका पत्रातला तशाच अर्थाचा मजकूर अखेर त्याला वाचायला मिळतो, तेव्हा आपल्या लक्षात येतं की स्वप्नातलं पाकीट आता जागेपणी उघडलंय.

एलिसन हा मुळात संगीताचा विद्यार्थी, बरं का. १९३३ साली तो टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात गेला तो संगीत शिकायला, आणि ट्रम्पेट वाजवायचा. पुस्तक आलं १९५२ मध्ये, आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. मला त्याच्या वस्तू कळल्या त्या गाण्याच्या अंगाने. गायक आवर्तन संपवून समेवर येतो, तेव्हा सम तीच असते, पण मधे काय काय होऊन गेलंय त्याने ती प्रत्येक वेळी वेगळी वाजते. बॅग या कादंबरीची सम आहे. ती परत दिसली की थांबायचं आणि बघायचं, आता तिच्यात काय काय आहे.

आता गल्ला. नायक न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मेरी नावाच्या प्रेमळ बाईकडे राहतो, तिने त्याला आजारपणातून उठवलंय. तिचं घर सोडायच्या सकाळी शेजारी वाफेचे पाइप बडवतायत, कारण इमारतीत उष्णता येत नाही. अशा वेळी त्याला खोलीत एक बिडाचा गल्ला दिसतो. काळाकुळकुळीत माणूस, लाललाल ओठ, पसरलेलं तोंड. हातात नाणं ठेवायचं, पाठीमागचा खटका दाबायचा, की हात वर होतो आणि नाणं तोंडात जातं. हा एलिसनच्या डोक्यातून आलेला चमत्कार नाही. असे गल्ले अमेरिकेत १८८० च्या दशकापासून खेळणं म्हणून विकले जायचे. मिशिगनमधल्या फेरिस स्टेट विद्यापीठात जिम क्रो म्युझियम आहे (काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना अमेरिकेत 'जिम क्रो' म्हणत), तिथे असल्या वस्तू मुद्दाम जमवून ठेवल्या आहेत. लक्षात घे, ही वस्तू मुलांसाठी होती. पोरगं बचत करायला शिकणार, आणि त्याच खटक्यासरशी आणखी एक गोष्ट शिकणार, की काळा माणूस दिलेलं गिळतो आणि हसतो.

नायक संतापतो, तोच गल्ला उचलून पाइपावर हाणतो. डोकं फुटतं, नाणी खोलीभर. आता मेरीला काय सांगायचं? तो तुकडे आणि नाणी वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि बाहेर पडतो. यानंतरची दोन पानं मला फार आवडतात. एका घरासमोरच्या कचऱ्याच्या डब्यात तो पुडकं टाकतो, तर घरातली बाई बाहेर येऊन त्याला झापते: आमच्या डब्यात तुमचा कचरा नको, उचला. तो उचलतो. पुढे रस्त्यात टाकून देतो, तर एक माणूस मागून धावत येतो: भाऊ, तुमचं पुडकं पडलं. हा म्हणतो माझं नाही. माणूस भडकतो, त्याला यात काहीतरी काळंबेरं दिसतं. शेवटी पुडकं बॅगेत जातं.

हे सगळं गमतीने लिहिलंय, जवळजवळ तमाशातल्या वगासारखं. सेमिनारमध्ये सांग, लोकांना हसू येऊ दे. मग विचार, त्या फुटक्या थोबाडाशी या माणसाचा काय संबंध? त्याने ते बनवलं नाही, विकत घेतलं नाही. तरी ते त्याच्याच नावावर चढलंय. जे त्याच्या गळ्यात मारलं गेलं, ते टाकायचा हक्कही त्याला नाही.

आता या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या जागी येते. तुझ्या तक्त्यात बहुधा 'बेडी = गुलामगिरी' अशी एकच ओळ असेल. पण कादंबरीत बेड्या दोन आहेत.

पहिली ब्लेडसोंच्या टेबलावर. गुलामगिरीच्या काळातली पायबेडी, आणि ते अभिमानाने सांगतात की ही आपल्या प्रगतीची खूण. दुसरी बऱ्याच पुढे येते. नायक पुढे ब्रदरहूड या क्रांतीची भाषा करणाऱ्या संघटनेत शिरतो, तिच्या ऑफिसात टार्प नावाचा म्हातारा काम करतो. तो एका पायाने लंगडतो. एक दिवस तो नायकाला सांगतो की पायाला काही झालेलं नाही, साखळी ओढून ओढून पाय तसाच पडायला लागला. कोणीतरी त्याच्याकडून काही हिसकावू पाहत होता, त्याला हा 'नाही' म्हणाला. त्याबद्दल एकोणीस वर्षं, सहा महिने, दोन दिवस. वर्षं गुलामगिरीची नव्हेत, तुरुंगाची. तुला हे वर्गात सांगावं लागेल, नाहीतर मुलं गोंधळतील. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल अशी फट ठेवली. दक्षिणेच्या राज्यांनी त्या फटीतून पुढची कित्येक दशकं साखळीत बांधलेले कैदी रस्त्यावर राबवले.

टार्प खिशातून फडक्यात गुंडाळलेली कडी काढून देतो. जाड, काळपट, तेलकट लोखंड. कानशीने घासलेलं, पिळून उघडलेलं, मग अर्धवट परत दाबलेलं, आणि त्यावर कुऱ्हाडीचे असावेत असे घाव. एलिसन स्वतःच दोन्ही बेड्या शेजारी ठेवतो: ब्लेडसोंची गुळगुळीत होती, टार्पच्या कडीवर घाईच्या आणि झटापटीच्या खुणा आहेत. गुळगुळीत बेडी म्हणजे कोणी न तोडलेली बेडी. ती शोभेला ठेवता येते. तोडलेली बेडी खिशात ठेवावी लागते. नायकाला वाटतं, बापाने आपल्या बापाचं घड्याळ मुलाच्या हाती द्यावं तसं काहीसं हे आहे.

आणि गंमत बघ. नायक ती कडी टेबलावर ठेवतो, तर संघटनेतलाच एक काळा सहकारी, रेस्ट्रम, कासावीस होतो. हे इथून काढा, म्हणतो. आपल्यातले भेद असे समोर मांडायचे नसतात. म्हणजे गुळगुळीत बेडी प्राचार्यांच्या टेबलावर चालते, घाव असलेली क्रांतिकारकांच्या टेबलावर चालत नाही. शेवटी हार्लेमच्या दंगलीत नायक तीच कडी मुठीवर चढवून वाट काढतो. एक वस्तू, आणि ती जखमेची खूण आहे, वारसा आहे, अडचण आहे, हत्यार आहे. 'दडपशाहीचे प्रतीक' या दोन शब्दांत हे कसं कोंबणार? माझं ऐकशील तर वीस मिनिटांतली दहा या दोन बेड्यांनाच दे.

क्लिफ्टनच्या बाहुलीला पाच मिनिटं पुरतील. संघटनेचा हा उमदा तरुण एक दिवस गायब होतो आणि मग रस्त्यावर कागदी सॅम्बो बाहुल्या (सॅम्बो म्हणजे काळ्या माणसाचं हसरं, हुजऱ्या सोंग) नाचवून विकताना सापडतो. विनापरवाना विक्रीवरून पोलीस त्याला पकडतो, झटापट होते, पोलीस गोळी घालतो. नंतर ऑफिसात नायक ती बाहुली हातात घेऊन बघतो. ती नाचत कशी होती? बोटांना काहीतरी लागतं. पाठीला बारीक काळा दोरा. गर्दीत, काळ्या कागदावर, तो कोणालाच दिसला नव्हता. शीर्षकात अदृश्य माणूस आहे, आणि इथे अदृश्य दोरा. यापलीकडे मी काही सांगत नाही, ते तुझ्याकडून यायला हवं.

रंगाच्या कारखान्याचं प्रकरण वगळलंस तरी चालेल. शुभ्र पांढऱ्या रंगाच्या डब्यात दहा थेंब काळे टाकून ते दिसेनासे होईपर्यंत घोटायचे, आणि तो रंग सरकारी स्मारकासाठी जायचा. कल्पना झकास आहे, पण मला ती थोडी ढोबळ वाटते. लेखक कोपराने ढोसून 'कळलं ना?' विचारतोय असं वाटतं. सर विचारतील म्हणून एक वाक्य तयार ठेव.

आता मैत्रिणीचं म्हणणं. तिला अगदीच उडवून लावू नकोस. प्रत्येक छत्री आणि प्रत्येक कपबशी प्रतीक नसते. माझा ठोकताळा असा: वस्तू एकदाच आली तर तिला वस्तू राहू द्यावी. ती परत आली, आणि तिच्यात काही बदल झाला, तर उठून बसावं. एलिसनच्या डोक्यात एवढं होतं का, याचं उत्तर शेवटच्या प्रसंगात मिळेल. दंगलीत पळताना नायक उघड्या मॅनहोलमधून कोळशाच्या तळघरात पडतो. वरून गोरे ओरडून विचारतात, त्या बॅगेत काय आहे? तो हसत सांगतो की तुम्हीच आहात, कधीपासून तुम्हालाच घेऊन फिरतोय. ते वरून झाकण लावून घेतात. आत मिट्ट काळोख. उजेडासाठी जाळायला त्याच्याकडे बॅगेतले कागद तेवढे आहेत. आधी शाळेचं प्रमाणपत्र. मग क्लिफ्टनची बाहुली, ती पेट घेता घेत नाही. मग त्याला आलेलं धमकीचं निनावी पत्र, आणि संघटनेने त्याला दिलेलं नवं नाव लिहिलेली चिठ्ठी. त्या उजेडात त्याला दिसतं की दोन्हींवरचं अक्षर एकाच माणसाचं आहे. पाचशेहून जास्त पानं ज्याने ती बॅग सांभाळली, त्याने हे सगळं सहज केलं असं तुझ्या मैत्रिणीला वाटत असेल, तर तिला हे प्रकरण मोठ्याने वाचून दाखव.

एक मात्र जपून. १९६३ मध्ये अर्व्हिंग हाउ या समीक्षकाने काळ्या लेखकाच्या लेखनात निषेध असायलाच हवा अशा धर्तीचा निबंध लिहिला, तेव्हा एलिसनने त्याला सडेतोड उत्तर दिलं. आपलं लेखन केवळ छळाची कैफियत म्हणून वाचलं जाणं त्याला मान्य नव्हतं. तुझ्या विषयाच्या शीर्षकात 'दडपशाही' आहे, म्हणून सगळं तिथेच नेऊन आपटू नकोस. टार्पच्या हातातली माया, मेरीच्या घरातली ऊब, डब्यावरून भांडणारी ती बाई, हेही त्याच वस्तूंना चिकटलेलं आहे.

शब्दांचं सोपं आहे. तू बोलताना 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकन अमेरिकन' म्हण. 'निग्रो' हा शब्द एलिसनच्या पिढीतली माणसं स्वतःसाठी सन्मानाने वापरत, आपल्याकडच्या जुन्या मराठी अभ्यासग्रंथांतही तोच सापडेल, पण आज तो अवतरणात ठेवावा. आणि स्वप्नातल्या पाकिटात जी शिवी आहे, ती उच्चारू नकोस. 'इथे एक शिवी आहे' म्हणालीस तरी सगळ्यांना कळतं.

बाबांच्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे. पुस्तकी उत्तर सरळ आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण करून. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या नावातच अमेरिकेतली ब्लॅक पँथर आहे. हे सांग, पण सेमिनारमध्ये वंश आणि जात यांच्यामध्ये बरोबरीचं चिन्ह काढू नकोस. दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत.

माझं उत्तर पुस्तकी नाही. आजोळी परसदाराजवळच्या कोनाड्यात एक कप असायचा, कान तुटलेला, कडेला निळी रेघ. लाकडं फोडायला येणारे एक मामा त्यातून चहा प्यायचे, स्वतः विसळायचे आणि पालथा घालून ठेवायचे. आजी वरून चहा ओतायची, किटली कपाला लागू न देता. सहा-सात वर्षांची असताना मी भातुकलीसाठी तो कप उचलला. आजीने तो माझ्या हातून हिसकावला आणि भर दुपारी मला डोक्यावरून आंघोळ घातली. ती एरवी कोणाला मोठ्याने बोलायचीही नाही. त्या कपाला घरात कोणी प्रतीक म्हणत नव्हतं. त्याचं काम ठरलेलं होतं आणि तो ते रोज करत होता. मेरीच्या घरातला गल्ला मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला तो कप आठवला, आणि खटका दाबणारा हात कोणत्या बाजूचा होता तेही.

पुस्तक मागवताना लेखकाचं नाव नीट बघ. एच. जी. वेल्सची त्याच नावाची कादंबरी आहे, पट्ट्या गुंडाळलेल्या शास्त्रज्ञाची, आणि दुकानदार हमखास तीच पाठवतो. माझ्याकडे दोन प्रती साठल्यात.

आणि मेरीबद्दल एक प्रश्न माझ्याकडे तसाच पडून आहे. इतकी स्वाभिमानी, समंजस बाई, तिच्या घरात ते थोबाड आलं कुठून? कोणी दिलं, का तिने चार पैसे साठतील म्हणून विकत घेतलं आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलंच नाही? नायक चिडतो, पण तिला विचारत नाही. तू बाबांना विचारून बघ. ते आयुष्यभर गल्ल्यावर बसलेत, काय म्हणतात ते मला कळव.